पावसाच्या वहीपासून उपग्रहाच्या चित्रापर्यंत : संगणकावरील हवामान नोंदी कशा तपासाव्यात?



कृषी विद्यापीठाचे पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या शिवारात येतात, हे आपल्या परिचयाचे आहे. पूर्वी त्यांच्या हातात मोजपट्टी, वही आणि मातीच्या नमुन्याच्या पिशव्या असत. आता त्यांच्याबरोबर मोबाईल आणि ओलावा मोजणारे संवेदक असतात, आणि वसतिगृहातील संगणकावर उपग्रहाची चित्रे असतात. पाऊस, तापमान, आर्द्रता, जमिनीतील ओलावा आणि पिकाचा हिरवेपणा यांच्या लाखो नोंदी आज घरबसल्या मिळतात, त्यातील बऱ्याच विनामूल्य मिळतात. परंतु नोंद मिळणे सोपे झाले, म्हणून ती बरोबर असतेच असे नाही.

एम.एस्सी. कृषीच्या विद्यार्थ्यांना या नोंदी वापरण्यास शिकवताना आम्ही जे पाठ देतो, तेच प्रस्तुत लेखात आपल्यासाठी दिले आहेत. याची आपल्याला गरज काय, असा प्रश्न पडेल. पेरणी कधी करावी, फवारणी आज घ्यावी की दोन दिवस थांबावे, हे सल्ले याच नोंदींवरून तयार होतात. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत भरपाईसुद्धा संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. नोंद चुकली, तर तिची किंमत विद्यार्थ्याला गुणांत आणि शेतकऱ्याला बियाण्यात मोजावी लागते. म्हणून हा विषय दोघांनीही समजून घ्यावा.

पाठ पहिला : आकडा कोठून आला हे पाहावे

संगणकावर "पाऊस १८ मि.मी." असे दिसते. हा आकडा कोणत्या उपकरणाने दिला, हा पहिला प्रश्न विद्यार्थ्याने विचारला पाहिजे.

साध्या पर्जन्यमापकात नरसाळ्यातून पाणी बाटलीत जमा होते आणि माणूस ते मोजपात्राने मोजतो. स्वयंचलित केंद्रात नरसाळ्याखाली तराजूसारखी झुलणारी दोन लहान भांडी असतात. एक भांडे भरले की ते कलंडते, दुसरे वर येते आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद यंत्रात होते. एका कलंडण्याला ठरावीक पाऊस धरलेला असतो, उदाहरणार्थ ०.२ किंवा ०.५ मि.मी. नरसाळ्यात पाला, पक्ष्यांची विष्ठा किंवा कोळ्याचे जाळे अडकले, तर बाहेर धो धो पाऊस पडत असतानाही यंत्र शून्य दाखवते. फार जोराच्या पावसात भांडे कलंडेपर्यंत थोडे पाणी मोजण्यातून निसटते, त्यामुळे नोंद प्रत्यक्षापेक्षा कमी येते.

महाराष्ट्रात महावेध प्रकल्पात महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत. पूर्वी तालुक्याच्या एका आकड्यावर काम भागवावे लागे, त्या मानाने ही मोठी सोय आहे. तरीही एका मंडळात अनेक गावे येतात. जूनमधील वळवाचा पाऊस एका गावात बांध फोडतो आणि शेजारच्या गावात धूळही बसत नाही, हे आपण दरवर्षी पाहतो. म्हणून मंडळाचा आकडा हा आपल्या शेताचा आकडा असतोच असे समजू नये.

यावर उपाय स्वस्त आहे. आपल्या शेतात स्वतःचा पर्जन्यमापक ठेवावा. तयार उपकरण नसल्यास ११.३ से.मी. व्यासाच्या तोंडाचे नरसाळे एका बाटलीवर घट्ट बसवावे. या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १०० चौ.से.मी. भरते. त्यामुळे बाटलीत जमा झालेले प्रत्येक १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मि.मी. पाऊस होय. औषध मोजण्याच्या पेल्याने हे पाणी मोजता येते, मात्र तो पेला स्वतंत्र ठेवावा. पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून सुमारे ३० से.मी. उंचीवर व समपातळीत असावे. झाड, गोठा किंवा भिंत यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर तो ठेवावा.

पाठ दुसरा : तारीख आणि वेळ

संगणकाच्या तक्त्यात सर्वांत जास्त गोंधळ तारखेचा होतो. आपण ५ जुलै ही तारीख ०५/०७ अशी लिहितो. अमेरिकी पद्धतीने मांडणी केलेला संगणक तीच तारीख ७ मे अशी वाचतो. महिन्यातील १ ते १२ या तारखांना महिना व दिवस यांची अदलाबदल होते. १३ पासून पुढच्या तारखा संगणकाला महिना म्हणून वाचता येत नाहीत, म्हणून त्या तारीख न राहता नुसती अक्षरे बनून राहतात. परिणामी जुलैच्या पहिल्या बारा दिवसांचा पाऊस वर्षाच्या बारा महिन्यांत विखुरला जातो. आलेख काढला की जानेवारीतही पाऊस दिसतो आणि जुलै कोरडा वाटतो.

विद्यार्थ्यांना आम्ही एकच सवय लावतो. तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी, म्हणजे २०२४-०७-०५. हा क्रम कोणत्याही देशातील संगणक एकाच पद्धतीने वाचतो.

वेळेचेही तसेच आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पद्धतीनुसार पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा धरतात आणि मोजलेला पाऊस मोजणीच्या तारखेस नोंदवतात. म्हणजे ५ जुलैच्या संध्याकाळी पडलेला पाऊस ६ जुलैच्या नावावर जातो. उपग्रहाच्या किंवा परदेशी संस्थांच्या नोंदी बहुधा जागतिक वेळेनुसार असतात. आपली घड्याळे त्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहेत. दोन ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि एक दिवसाचा फरक दिसला, तर यंत्राला दोष देण्यापूर्वी दिवस कसा धरला आहे हे तपासावे. आपल्या वहीतही रोज सकाळी ८.३० वाजताच मोजणी करावी, म्हणजे ती केंद्राच्या नोंदीशी ताडून पाहता येईल.

पाठ तिसरा : नोंद नाही म्हणजे शून्य नव्हे

हा पाठ सर्वांत महत्त्वाचा आहे. विजेरी संपली, संपर्क तुटला किंवा संवेदक बिघडला की नोंद येत नाही. तक्त्यात ती जागा रिकामी राहते किंवा तेथे उणे ९९९ असा सांकेतिक आकडा येतो. नवखा विद्यार्थी रिकाम्या जागी शून्य भरतो, नाही तर उणे ९९९ तसेच बेरजेत धरतो. दोन्ही चुकीचे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, जूनमधील दहा दिवसांची मंडळ केंद्रावरील नोंद अशी आहे :

०, १२, ०, ३, नोंद नाही, नोंद नाही, २८, ६, ०, १ मि.मी.

आलेल्या नोंदींची बेरीज ५० मि.मी. होते. रिकाम्या दोन दिवसांना शून्य धरले, तर "दहा दिवसांत ५० मि.मी." असा निष्कर्ष निघतो. खरिपाची पेरणी ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर व वाफसा आल्यावर करावी, अशी शिफारस आहे. या हिशेबाने शेतकरी थांबेल. आता केंद्राजवळच्या एका शेतकऱ्याच्या वहीत त्याच दोन दिवसांना २२ आणि १४ मि.मी. पाऊस लिहिलेला आहे असे समजू. तो धरला तर एकूण ८६ मि.मी. होते. वाफसा आला असेल तर पेरणीची वेळ झालेली आहे. २.५ मि.मी. किंवा त्याहून अधिक पाऊस झालेला दिवस पावसाचा दिवस मानतात. असे दिवसही चार नसून सहा भरतात.

उलट बाजूची चूक याहून महाग पडते. काही केंद्रांच्या तक्त्यात पाऊस तासागणिक वेगळा न देता सकाळपासूनची चढती बेरीज दिलेली असते. समजा, चार तासांच्या नोंदी ५, १२, २० आणि २० अशा आहेत. येथे खरा पाऊस शेवटचा आकडा, म्हणजे २० मि.मी. आहे. विद्यार्थ्याने चारही आकडे मिळवले, तर ५७ मि.मी. येतात. जवळजवळ तिप्पट पाऊस कागदावर पडतो. असा आकडा सल्ल्यात गेला आणि त्यावर विसंबून कोरडवाहू कपाशी किंवा सोयाबीन पेरले, तर पुढच्या उघडिपीत उगवण करपते आणि दुबार पेरणीची पाळी येते. बियाणे, खत आणि मजुरीचा भुर्दंड शेतकऱ्यावर पडतो. संगणकाचे काही बिघडत नाही.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने पुढील तपासण्या केल्याशिवाय बेरीज करू नये :

१) किमान तापमान कमाल तापमानापेक्षा जास्त दिसते काय? तसे असल्यास रकान्यांची अदलाबदल झाली आहे.
२) आर्द्रता १०० टक्क्यांपेक्षा अधिक दिसते काय?
३) एकच तापमान सलग अनेक तास जसेच्या तसे दिसते काय? तसे असल्यास संवेदक अडकला असावा.
४) पाऊस शून्य, पण त्याच केंद्रावर तापमान एकदम उतरले आणि आर्द्रता ९५ टक्क्यांवर गेली, शिवाय शेजारच्या केंद्रांवर पाऊस आहे, असे दिसते काय? मग नरसाळे तुंबल्याची शंका घ्यावी व केंद्रावर जाऊन पाहावे.
५) एकच दिवस दोनदा आला आहे काय?

संशयास्पद आकडा मूळ तक्त्यातून पुसू नये. मूळ तक्ता जसाच्या तसा ठेवून दुसऱ्या प्रतीत दुरुस्ती करावी आणि शेजारच्या रकान्यात कारण लिहावे. शेजारच्या केंद्रावरून अंदाजे आकडा भरला असेल, तर "अंदाजे" असा शेरा मारावा.

पाठ चौथा : ठिकाण बिनचूक नोंदवावे

मोबाईलवर अक्षांश व रेखांश सहज मिळतात. महाराष्ट्राचे अक्षांश साधारण १५.६ ते २२ आणि रेखांश ७२.६ ते ८०.९ या दरम्यान आहेत. हे आकडे विद्यार्थ्याला पाठ हवेत. अहिल्यानगर शहर साधारण १९.१ अक्षांश व ७४.७ रेखांशावर आहे. दोन्ही आकडे उलटसुलट लिहिले, तर नकाशावरील खूण नॉर्वेच्याही उत्तरेकडील समुद्रात पडते. एवढी मोठी चूक लगेच दिसते. न दिसणारी चूक दशांश स्थळांची असते. दोनच दशांश स्थळे लिहिली, तर अक्षांशाचा एक घर म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर. इतक्या अंतरात गाव बदलते. चार दशांश स्थळे लिहिली, तर तेच अंतर सुमारे ११ मीटर होते आणि आपले शेत नेमके सापडते. मोजणी मोकळ्या आकाशाखाली, शेताच्या मध्यभागी उभे राहून घ्यावी. बांधावर, झाडाखाली घेऊ नये.

पाठ पाचवा : उपग्रहाचे चित्र वाचणे

युरोपीय अंतराळ संस्थेच्या सेंटिनेल-२ मालिकेचा पहिला उपग्रह २०१५ मध्ये आणि दुसरा २०१७ मध्ये सोडण्यात आला. त्यांची चित्रे विनामूल्य मिळतात आणि एकाच ठिकाणाचे चित्र साधारण दर पाच दिवसांनी मिळू शकते. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रे २००८ पासून सर्वांना मोफत आहेत. आपल्या इस्रोने २००९ मध्ये भुवन हे नकाशांचे दालन सुरू केले. विद्यार्थी ही चित्रे क्यूजीआयएस या मोफत संगणक प्रणालीत उघडतात.

सेंटिनेल-२ चे चित्र बारीक चौकोनांचे बनलेले असते. त्याच्या सर्वांत बारीक पट्ट्यांत एक चौकोन १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १०० चौ.मी. असतो. आपला एक गुंठा सुमारे १०१ चौ.मी. आहे. तेव्हा चित्रातील एक चौकोन म्हणजे जवळजवळ एक गुंठा, आणि एक एकर म्हणजे सुमारे चाळीस चौकोन. लँडसॅटचा चौकोन ३० मीटरचा असल्याने त्यात साधारण नऊ गुंठे मावतात. यावरून लहान क्षेत्राची मर्यादा कळते. दहा गुंठ्यांच्या भाजीपाल्याच्या तुकड्यात बहुतेक चौकोन बांध, झाडे आणि शेजारचा ऊस यांत मिसळलेले असतात. त्यांवरून निष्कर्ष काढू नये.

पिकाचा हिरवेपणा असा मोजतात. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. अवरक्तातून लाल वजा करावा आणि येणाऱ्या आकड्याला दोहोंच्या बेरजेने भागावे. समजा, जोमदार पिकावरून अवरक्त ४५ टक्के व लाल ५ टक्के परत आला. वजाबाकी ४०, बेरीज ५०, म्हणून निर्देशांक ०.८ आला. नांगरलेल्या जमिनीवरून अवरक्त २५ व लाल २० टक्के आला, तर ५ भागिले ४५, म्हणजे सुमारे ०.११ येतो.

हा निर्देशांक पिकाची अवस्था सांगतो, कारण सांगत नाही. आकडा घसरला, तर पाण्याचा ताण, नत्राची कमतरता, किडीचा प्रादुर्भाव, पाणी साचणे, पीक पक्व होणे किंवा चित्रावर ढग येणे यांपैकी काहीही असू शकते. उलट तणाने भरलेले शेतही चित्रात हिरवेगार दिसते. पावसाळ्यात तर ढगांमुळे अनेक आठवडे स्वच्छ चित्र मिळत नाही. सेंटिनेल-१ या उपग्रहाची रडार यंत्रणा ढगांपलीकडे पाहू शकते, पण तिचे चित्र वाचण्याची पद्धत वेगळी आहे. म्हणून चित्रात पिवळा पट्टा दिसला की विद्यार्थ्याने शिवारात जाऊन पाने, मुळे व माती पाहावी आणि शेतकऱ्याला विचारावे, असा आमचा आग्रह असतो. तेथे पाटाचे पाणी पोचत नाही की मुरमाचा पट्टा आहे, हे वर्षानुवर्षे ती जमीन कसणाऱ्याला ठाऊक असते.

पाठ सहावा : जमिनीतील ओलावा आणि पाण्याचा हिशेब

ओलावा संवेदक जमिनीत खोचला की लगेच आकडा मिळतो. मात्र भारी काळी जमीन सुकताना भेगाळते. संवेदकाभोवती हवेची पोकळी राहिली, तर तो प्रत्यक्षापेक्षा कमी ओलावा दाखवतो. अशा आकड्यावरून पाणी देत राहिल्यास मुळे गुदमरतात. म्हणून संवेदकाचा आकडा भट्टीच्या पद्धतीने पडताळावा. ओल्या मातीचा नमुना तोलावा, १०५ अंश सेल्सिअसला सुमारे २४ तास वाळवावा आणि पुन्हा तोलावा. ओली माती १५० ग्रॅम व वाळलेली १२० ग्रॅम भरली, तर ३० ग्रॅम पाणी होते. १२० ने भागून ओलावा २५ टक्के येतो. प्रत्येक प्रकारच्या जमिनीसाठी ही पडताळणी स्वतंत्र करावी लागते.

पिकाची पाण्याची गरज हवामानावरून काढता येते. समजा, बाष्पीभवन पात्रातून दिवसाला ६ मि.मी. पाणी उडाले. पात्र गुणांक ०.७ धरल्यास ४.२ मि.मी. होतात. पिकाची पूर्ण वाढ झालेली असून पीक गुणांक १ धरला, तर गरज ४.२ मि.मी. राहते. एका एकरावर १ मि.मी. पाणी म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर. यावरून एकरी रोजची गरज सुमारे १७,००० लिटर निघते. सिंचन पद्धतीनुसार वाया जाणारे पाणी यात आणखी मिळवावे लागते.

पाठ सातवा : एकदा हाताने, मग संगणकाने

आर नावाची मोफत प्रणाली वापरून तीस वर्षांच्या पावसाचा हिशेब काही सेकंदांत होतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने संगणकाला द्यायच्या सूचनाही तयार मिळतात. आम्ही विद्यार्थ्यांना हे वापरू देतो, पण एका अटीवर. कोणत्याही एका आठवड्याचा हिशेब आधी वहीत हाताने करावा. संगणकाचे उत्तर त्याच्याशी जुळले, तरच पुढचा हिशेब त्याच्यावर सोपवावा. चढती बेरीज दोनदा धरल्याची चूक या एका सवयीने पकडली जाते.

पुण्यात हवामानशास्त्र विभागाची कृषी हवामान शाखा १९३२ मध्ये सुरू झाली, तेव्हा सर्व काम कागदावर होत असे. साधने बदलली, नियमित वेळेला, ठरलेल्या जागी, न चुकता नोंद घेण्याचा नियम तोच राहिला आहे.

आपण काय करावे?

१) रोज सकाळी ८.३० वाजता पाऊस मोजून वहीत लिहावा. पाऊस नसेल तर ० लिहावे. मोजणी राहिली असेल तर "मोजले नाही" असे स्पष्ट लिहावे. या दोहोंत मोठा फरक आहे.
२) पेरणी, उगवण, फुलोरा, फवारणी व काढणी यांच्या तारखा त्याच वहीत ठेवाव्यात.
३) मंडळ केंद्राचा आकडा व आपला आकडा महिन्यातून एकदा ताडून पाहावा. पावसाच्या दिवशी केंद्र सतत शून्य दाखवत असल्यास तारीखवार नोंद जोडून कृषी सहाय्यकामार्फत लेखी कळवावे. आपली वही अधिकृत केंद्राची जागा घेऊ शकत नाही, पण केंद्र तपासण्यास ती सबळ कारण देते.
४) विद्यार्थी शेतात आल्यास कोणती नोंद घेता, ती कशासाठी वापरणार आणि निष्कर्ष केव्हा सांगणार, हे तीन प्रश्न जरूर विचारावेत. आपले नाव व गट क्रमांक प्रबंधात छापायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क आपला आहे.
५) घरातील मुलगा किंवा मुलगी कृषी शाखेत शिकत असेल, तर गावची पावसाची वही संगणकावर उतरवण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. दहा वर्षांची एक वही प्रबंधाला उपयोगी पडते आणि गावालाही.

थोडक्यात सांगायचे तर, उपग्रह आकाशातून एक गुंठा पाहतो आणि केंद्र मंडळाचा पाऊस मोजते. या दोन्हींची खातरजमा शिवारातील नोंदीनेच होते. येत्या हंगामात पहिल्या पावसाआधी आपल्या शेतात पर्जन्यमापक बसवावा. तो बसवताना किंवा नोंदी ठेवताना काही अडचण आल्यास नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राशी अथवा कृषी विद्यापीठाच्या कृषी हवामानशास्त्र विभागाशी संपर्क साधावा.